नाव न घेता

त्या वर्षी गावातल्या विहिरी एकेक करून आटत गेल्या. बादली खाली सोडली की नुसता दोरच सुटत राहायचा. मग कुठेतरी खाली खडकावर आपटल्याचा आवाज व्हायचा, आणि वर येताना बादलीत ओंजळभर गढूळ पाणी असायचं. माणसं वाकून आत बघायची, खालून आपलंच तोंडही दिसेना म्हणून मान हलवत घरी जायची.

अशा दिवसांत सगळं गाव ज्याच्या दाराशी जातं, असा माणूस तिथे एकच होता. विहिरीत उतरून गाळ काढायचा, तळ फोडून आणखी खोल जायचं, ढासळलेलं बांधकाम सावरायचं, हे त्याचं काम. त्याच्या बापानेही जन्मभर तेच केलं. गावातल्या प्रत्येक विहिरीचा तळ याने पाहिलेला, म्हणून लोक त्याला तळकाका म्हणत. बायको मग आपोआपच सगळ्यांची काकू झाली.

प्रार्थनाघराचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, राहायला आले ते या तळकाकांच्या घरी.

प्रार्थनाघरात येणाऱ्यांची घरं गावात थोडीच. जुने पाळक म्हातारपणाने गेले, तेव्हा मिशनने समुद्रापलीकडून हा तरुण पाठवला. प्रार्थनाघरामागच्या खोलीचं छप्पर खचलेलं होतं. तळकाकांची मुलगी लग्न होऊन गेली होती, तिची खोली रिकामी होती, म्हणून मंडळीने त्यांना तिथे टेकवलं. उन्हात चटकन लाल होणारे, हनुवटीवर विरळ दाढी, प्रत्येक वाक्याआधी शब्द चाचपत थांबणारे असे हे पाळक. गावाने आठवड्याच्या आत त्यांचं नाव 'कोवळे पाळक' ठेवलं. तोंडावर मात्र नुसतं पाळक.

भाषा ते पुस्तकातून शिकून आले होते. रविवारचा उपदेश आधी लिहून काढत आणि उभं राहून वाचत. पुढच्या बाकावर मंडळीचे वडील बसत. मंडळीचा कारभार बघणारे हे गृहस्थ म्हणजे गावचे दुकानदार. दुसऱ्या पानावर त्यांची मान छातीवर यायची आणि तिसऱ्या पानावर ते घोरायला लागायचे.

"पाळक, राग मानू नका," गिरणीवाली एकदा बाहेर पडताना म्हणाली, "पण तुमचं बोलणं अगदी इस्त्री केलेलं असतं. त्याच्यावर बसायची भीती वाटते, चुरगळेल म्हणून."

सगळे हसले. पाळकही हसले. पण ते वाक्य त्यांना लागलं. इतक्या लांब यायचं, आईचं रडणं मागे टाकून यायचं, आणि इथे येऊन माणसांना झोपवायचं!

आठवड्यातले बाकीचे दिवस रिकामे बसवेना, म्हणून ते काकांबरोबर कामाला जाऊ लागले. काका आधी नको म्हणाले. "पुस्तक धरणारे हात तुमचे. सोलून निघतील." ते सोलून निघालेच. पहिल्याच दिवशी तळव्यांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. काकूंनी चिंध्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "आता झालात आमच्यातले."

काकांच्या कामात एक नियम कडक होता. माणूस खाली असताना विहिरीच्या कडेला कुणी फिरकायचं नाही. वरून एक खडा सुटला तरी खाली डोकं फुटतं. म्हणून ते आधी चारी बाजूंना बांबू रोवून गोणपाट ताणत. आत फक्त काका आणि काकू. दिवसभर रहाटाची कुरकुर ऐकू यायची, मधूनच पहारीचे ठोके, आणि गोणपाटाखालून फावड्याने गाळ बाहेर ढकलला जायचा. तो घमेल्यात भरायचा, डोक्यावर घ्यायचा आणि शेताच्या बांधावर टाकायचा, एवढं पाळकांचं काम. मान आखडायची, घमेल्यातलं पाणी कानामागून पाठीत उतरायचं. पण त्यांना बरं वाटायचं. इथे कुणी घोरत नव्हतं.

गिरणीवालीची विहीर चालू होती तेव्हाची गोष्ट. दुपारचा कोरडा वारा सुटला आणि गोणपाटाचं एक टोक सुटून वर उडालं. रिकामं घमेलं घेऊन परत येणारे पाळक तिथेच थबकले.

विहिरीच्या तोंडातून वर येत होत्या त्या काकू. अंगात काकांचे कपडे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केस गाळाने कपाळाला चिकटलेले. ओठ निळे पडलेले. काका रहाटापाशी होते, पायांपर्यंत कोरडे. त्यांनी काकूंना हात दिला, वर ओढून घेतलं, पाठीवर पोतं टाकलं. मग खाली बसून ओंजळीने गाळ घेतला आणि स्वतःच्या पायांना लावू लागले. आधी नडग्या, मग हात कोपरापर्यंत, मानेला थोडा. चेहरा शेवटी. सवयीने, न बघता, अंघोळीला साबण लावावा तसा. तोवर काकूंनी बादलीत तोंड धुतलं, कोरडे कपडे चढवले, डोक्याला रुमाल बांधला.

वाऱ्याने गोणपाट पुन्हा खाली पडलं.

थोड्या वेळाने काका चिखलाने माखलेले बाहेर आले. "गार आहे हो खाली," ते गिरणीवालीला म्हणाले.

"बसा काका, शेकत बसा. काकू, त्यांना आधी चहा द्या. जीव मुठीत घेऊन काम करतो माणूस!"

काकांनी पेला दोन्ही हातांत धरला. हात थरथरवले. खरी थंडी वाजत होती त्या काकू पलीकडे उभ्या राहून दोर गुंडाळत होत्या आणि दात वाजू नयेत म्हणून तोंड घट्ट मिटून होत्या.

संध्याकाळी काका दोराला तेल द्यायला अंगणात बसले. काकू चुलीपुढे बटाटे सोलत होत्या. पाळकांना राहवलं नाही.

"काकू, मी आज पाहिलं."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"मागच्या वर्षी विहिरीची कड ढासळली," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "हे छातीपर्यंत गाडले गेले होते. अर्धा दिवस. लोकांनी उकरून काढलं. तेवढं गावाला माहीत आहे. पुढचं नाही."

"पुढचं काय?"

"दोन-चार पायऱ्या उतरले की पाय आखडून जातात. घाम सुटतो. मला म्हणतात, हात सोडू नको." त्यांनी सालं गोळा केली. "एवढा मोठा माणूस. दुसरं काम येत नाही त्यांना, आणि हे सुटलं तर ते घरात बसून झिजतील. म्हणून मी उतरते. माझं काय, लहानपणी झाडावर चढायची, आता उलटी चढते." त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "तुम्ही घरचे म्हणून बोलले. त्यांच्यासमोर विषय काढू नका."

पाळकांनी मान डोलावली. त्या रात्री त्यांनी त्या दोघांसाठी मनापासून प्रार्थना केली.

शनिवारी ते कागद पुढे घेऊन बसले. प्रेमावर बोलायचं होतं. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या. कागदावर सगळं प्रेम इस्त्री केलेलंच येत होतं. आणि डोळ्यांपुढे सारखी ती पोतं पांघरलेली बाई येत होती. प्रेम म्हणजे हेच तर! हे सोडून आपण काय सांगणार? मग त्यांच्या मनात आलं, नाव घ्यायचं नाही. नाव न घेता सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं?

आता हे तुमच्या-माझ्यासारख्याला तिथल्या तिथे कळलं असतं. गावात विहिरीत उतरणारं घर एकच. पाळकांनाही ते कळत नव्हतं असं नाही. आत कुठेतरी खुपत होतं. पण वाक्य असं सुरेख जुळून आलं होतं, की त्यांनी त्या खुपण्याकडे पाहिलंच नाही.

रविवारी ते पहिल्यांदाच कागदाशिवाय उभे राहिले. शब्द चुकत होते, पण अडत नव्हते. दुकानदारांची मान छातीवर आली नाही. गिरणीवाली पुढे वाकून ऐकायला लागली. पाळकांना आतून पंख फुटल्यासारखं झालं.

"मोठमोठ्या गोष्टी शोधायला लांब जाऊ नका," ते म्हणाले. "याच गावात एक घर आहे. नवऱ्याच्या मनात अंधाराची भीती बसली. तो खाली उतरू शकत नाही. तेव्हा बायको काही न बोलता त्याचे कपडे चढवते, आणि त्याच्या जागी त्या अंधारात, त्या थंड गाळात..."

प्रार्थनाघर गप्प झालं. पाळकांना वाटलं, काळजाला भिडलं. मग त्यांना दिसलं की त्यांच्याकडे कुणी बघत नाही. एकेक मान मागे वळत होती. मागून दुसऱ्या बाकाकडे. तिथे काकू मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. काका ताठ बसले होते, समोरच्या भिंतीवर नजर लावून, फोटो काढून घेताना बसतात तसे. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

पुढचं काय बोलले ते त्यांना नंतर आठवलं नाही. काका मध्येच उठून गेले असते तर बरं झालं असतं. ते शेवटपर्यंत बसले, उभं राहून शेवटचं गीतही गायले, सगळी कडवी.

बाहेर पायऱ्यांवर दुकानदार उभे होते. आज झोप न लागल्याने ताजेतवाने.

"काका, उद्या माझी विहीर घ्यायची ना? काकूंना वेळेवर पाठवा म्हणजे झालं."

"येतो," काका म्हणाले.

"तुम्ही आलात तरी चालेल हो! चहा करायला कुणीतरी लागतंच."

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि तो रोज अंगाला लागलेला गाळ, तो काय, हळद?" पुन्हा हशा. गिरणीवाली तेवढी हसली नाही. पण तिने काकांसाठी किती वेळा शेकोटी केली होती ते आठवून तिचा चेहरा पडला होता, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. काका चालत राहिले. काकू त्यांच्या मागे. पाळक त्यांच्याही मागे, रस्त्याच्या कडेकडेने, हाकलून दिलेल्या कुत्र्यासारखे.

घरी कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. ताट नेहमीसारखं आधी त्यांना वाढलं. काकांनी अर्धंमुर्धं खाऊन हात धुतले आणि अंगणात जाऊन बसले. पाळक ताटातलं नुसतं चिवडत बसले. चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी पोटभर खाल्ल्या असत्या.

"काकू," ते शेवटी म्हणाले, "पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून माफी मागतो."

"म्हणजे पुन्हा तेच सांगणार."

"नाही, माझी चूक सांगणार."

"कसली चूक, ते सांगावं लागेल ना?" काकू भांडी आवरता आवरता म्हणाल्या. "तुम्ही रडाल, लोक म्हणतील, किती चांगले पाळक. तुमचं मन मोकळं होईल. त्यांना पुन्हा तसंच भिंतीकडे बघत बसावं लागेल."

पाळकांचे कान तापले. "मग मी दुसरीकडे राहायला जातो."

"गेलात तर गाव म्हणेल, खरं बोलले म्हणून घराबाहेर काढलं. तेही आमच्याच माथी." त्यांनी पाळकांच्या ताटाकडे बोट दाखवलं. "जेवा. टाकू नका ते."

ते जेवले. मान वर न करता, शेवटच्या घासापर्यंत.

सकाळी काका सामान काढू लागले. दोर, कप्पी, पहार, दोन बादल्या. बांबू आणि गोणपाट भिंतीशी तसंच राहिलं.

"हे?" काकूंनी विचारलं.

"आज नको. बघू दे त्यांना."

"अहो, उगीच हट्ट..."

"मी उतरणार आहे," काका म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

दुकानदारांच्या परसात गाव जमलं होतं. कामधंदे टाकून माणसं आली होती, कुंपणावर कोपर टेकून उभी होती. विहीर जुनी, अरुंद, आतल्या दगडांवर शेवाळ वाळून काळं झालेलं. काकांनी रहाट बसवला, मेणबत्ती सोडून आतली हवा पाहिली. सगळं नेहमीच्या हाताने, घाई न करता. मग दोर कमरेला बांधून कठड्यावर बसले आणि पाय आत सोडले.

रहाटाला काकू होत्या. दुसऱ्या बाजूला पाळक. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी दांडा धरला आणि कुणी सोडायलाही सांगितलं नाही.

काका भिंतीतल्या खाचांत पाय देत उतरू लागले. खांदे आत गेले, डोकं गेलं. दोर हळूहळू सुटत होता. मग थांबला. पाळकांनी वाकून पाहिलं. काका फार खाली गेलेच नव्हते. भिंतीला छाती लावून, दोन्ही हातांनी दगड कवटाळून ते उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता. गुडघे लटपटत होते, त्यांच्या थरथरण्याने भिंतीतली माती सुटून खाली पडत होती आणि तिचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"काय झालं हो?" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं. "काका झोपले की काय?"

"अहो, रविवारची झोप राहिली असेल!"

काकूंनी ओठ चावला. दोराला हिसका दिला, वर या, अशा खुणेचा. काका हलले नाहीत. दुकानदार दोन पावलं पुढे आले.

तेव्हा पाळक मोठ्याने म्हणाले, "मी थांबवलं! माझ्या हातांना कळ आली. दांडा धरवत नाही. वर घ्या त्यांना." आणि त्यांनी आपले सोललेले तळवे सगळ्यांना दाखवले.

परसात हशा फुटला. "पाळक, उपदेश हलका असतो, माणूस जड असतो!" दुकानदार म्हणाले. "कोवळ्याला कशाला लावलं कामाला!" पाळकांनी ते हसणं अंगावर घेतलं. कालपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. ओझं उचलल्यासारखं. काकूंबरोबर दांडा फिरवून त्यांनी काकांना वर घेतलं, बगलेत हात घालून कठड्याबाहेर काढलं.

काका जमिनीवर बसले. चेहरा राखेसारखा. हसणं ओसरलं. मग त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं.

"पाळकांचे हात ठीक आहेत," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण कुंपणापर्यंत गेला. "पाय माझे गेले. गाडला गेलो तेव्हापासून जातात. त्यानंतरच्या सगळ्या विहिरी हिने काढल्या. तुमची," ते गिरणीवालीकडे बघून म्हणाले, "तुमचीसुद्धा. चहा मात्र मी प्यायलो."

कुणी हसलं नाही. गिरणीवालीने रुमालाचं टोक तोंडाशी नेलं.

पाळक अजून त्यांच्या खांद्याला धरून होते. काकांनी तो हात बाजूला केला. हिसडून नव्हे, अंगावर पडलेलं पान उचलावं तसा.

"हे माझं होतं, पाळक," ते फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सांगायचं तर मी सांगणार, नाही तर नाही सांगणार. काल तुम्ही खरं सांगितलंत. आज खोटं सांगितलंत. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीत."

आत्ता कुठे उतरलेलं ओझं दुप्पट होऊन परत आलं होतं, आणि ते कुठेही ठेवायला जागा नव्हती.

काकूंनी कुणालाही न विचारता काकांच्या कमरेचा दोर सोडला आणि आपल्या कमरेला बांधला. रुमाल घट्ट केला. "पाणी हवंय ना?" एवढंच त्या दुकानदारांना म्हणाल्या, आणि भरल्या उजेडात, सगळ्या गावादेखत कठडा ओलांडून आत उतरल्या.

काका उठले. पाय अजून सावरले नव्हते, पण त्यांनी दांडा धरला. "सोडा," ते पाळकांना म्हणाले. पाळकांनी सोडला. दोर सुटत गेला, सुटत गेला. माणसं पुढे सरकली. दुकानदारांनी कठड्यावरून मान आत घातली.

"मागे व्हा!" काका गरजले. "कडेला उभं राहायचं नाही! माणूस खाली आहे!"

"अहो, काकूच तर..."

"मागे म्हटलं ना!"

दुकानदार मागे झाले. सगळेच झाले. पाळकही त्यांच्यात होते, लोकांच्या खांद्याला खांदा लागलेला. खालून पहारीचा पहिला ठोका ऐकू आला, मग दुसरा. रहाट कुरकुरला. पहिली बादली वर आली, काठोकाठ गाळाने भरलेली, आणि काकांनी ती एका हाताने बाहेर ओतली.

शेजारी गिरणीवाली उभी होती. ती पाळकांकडे वळली.

"पाळक, तुमचे हात खरंच गळाले नव्हते?"

आजूबाजूच्यांनी कान टवकारले. पाळकांनी रहाटाकडे पाहिलं. काका दांडा फिरवत होते, पाठ त्यांच्याकडे होती.

"नाही," पाळक म्हणाले. "मी खोटं बोललो."

"ऐका! पाळक खोटं बोलतात!" दुकानदार मोठ्याने हसले. एकदोघांनी साथ दिली. गिरणीवाली वाट पाहत राहिली, आता ते का, कशासाठी, ते सांगतील म्हणून. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, शब्दही सगळे जुळून आले होते. पाळकांनी ते गिळले, आणि गाळाचा ढीग उचलायला पुढे झाले.